डंकेल ते दूध : व्यापार करार आणि शेतकऱ्याचं मत

२० डिसेंबर १९९१ रोजी जीनिव्हात गॅटचे, म्हणजे शुल्क आणि व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे, महासंचालक आर्थर डंकेल यांनी सदस्य देशांपुढे एका कराराचा मसुदा ठेवला. शेतमाल, कापड, सेवा, पेटंट अशा विषयांवर पाच वर्षं अडून बसलेल्या वाटाघाटी पुढे सरकाव्यात, हा त्यामागचा हेतू. भारतात तेव्हा नव्या आर्थिक धोरणाला जेमतेम सहा महिने होत होते. मसुदा इंग्रजीत, कायद्याच्या किचकट भाषेत. मूळ प्रत वाचलेली माणसं देशात मोजकीच. तरीही वर्ष-दीड वर्षात 'डंकेल' हा शब्द गावच्या पारावर पोचला आणि त्यावर हिरिरीने वाद झडू लागले.

या वादातली एक गोष्ट आजही विचार करायला लावते. सीमेला सीमा लागून असलेल्या दोन राज्यांतल्या दोन बलाढ्य शेतकरी संघटना एकाच मसुद्याकडे पाहून नेमक्या उलट निष्कर्षाला पोचल्या. कर्नाटक राज्य रयत संघाचे प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांनी डंकेल मसुदा हा शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यावरचा घाला मानला. २९ डिसेंबर १९९२ रोजी त्यांच्या कार्यकर्त्यांनी कारगिल सीड्स या बहुराष्ट्रीय कंपनीच्या बंगळूरमधल्या कार्यालयात शिरून कागदपत्रं बाहेर काढली आणि जाळली. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला बंगळुरातच बीज सत्याग्रहाची विराट सभा झाली. इकडे महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र त्याच मसुद्याचं जाहीर स्वागत करत होते आणि ते का करायला हवं, हे सभांमधून समजावून सांगत होते.

हिरवी शाल पांघरणारा तिकडचा शेतकरी आणि छातीवर लाल बिल्ला लावणारा इकडचा शेतकरी, दोघांच्या परिस्थितीत फारसा फरक नव्हता. जमीन बहुतांशी कोरडवाहू, डोक्यावर कर्ज, भावाची हमी नाही. मग मतं एवढी वेगळी कशी?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागतं, ते साऱ्या जागतिकीकरणाच्या वादाला लागू पडतं. परदेशी व्यापाराबद्दल लोकांचं मत अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावरून ठरत नाही. आपण विकणारे आहोत की विकत घेणारे, मागच्या करारात आपल्या वाट्याला काय आलं आणि आपलं स्वतःचं सरकार आपल्याशी कसं वागतं, या तीन गोष्टी ते ठरवतात. त्यातली तिसरी सर्वांत वजनदार आहे आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी होते.

बियाण्याची भीती आणि बंधनांचा जाच

रयत संघाची भीती बियाण्याभोवती होती. गॅटच्या नव्या मसुद्यात बौद्धिक संपदेचं प्रकरण होतं. वनस्पतींच्या वाणांना पेटंट किंवा तत्सम संरक्षण देणं सदस्य देशांवर बंधनकारक होणार होतं. घरच्या कणगीतलं बी पुढच्या हंगामात पेरायचं, शेजाऱ्याला द्यायचं, बदल्यात त्याचं घ्यायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. उद्या त्यावर एखाद्या कंपनीने हक्क सांगितला तर? ही शंका अडाणीपणाची नव्हती. मसुद्याच्या शब्दांमध्ये तिला आधार होता.

शरद जोशींचं गणित वेगळं होतं. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे जागतिक टपाल संघटनेत ते अधिकारी होते. ती नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि चाकणच्या कांदा आंदोलनातून ते शेतकरी नेते झाले. त्यांचं म्हणणं असं, की भारतातल्या शेतकऱ्याला परदेशी स्पर्धेने मारलेलं नाही, त्याला मारलं ते इथल्या धोरणाने. लेव्ही, जिल्हाबंदी, राज्यबंदी, निर्यातबंदी ही सगळी हत्यारं शहरात धान्य स्वस्त मिळावं म्हणून वापरली गेली. महाराष्ट्रात १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस सीमेपलीकडे जास्त भावाने विकायला नेणं हा शेतकऱ्यासाठी गुन्हा ठरत होता.

जोशींच्या हाती एक बिनतोड पुरावा आला तो सरकारकडूनच. प्रत्येक देशाने आपण शेतीला किती साहाय्य देतो याचा हिशेब गॅटला द्यायचा होता. देशातला आधारभाव आणि जागतिक बाजारातला भाव यांतला फरक काढून हे साहाय्य मोजतात. भारताच्या हिशेबात बहुतेक प्रमुख पिकांसाठी हा आकडा उणे निघाला. याचा सरळ अर्थ असा, की जगात मिळू शकणाऱ्या भावापेक्षा आपल्या शेतकऱ्याला कमी भाव दिला जात होता. अमेरिका आणि युरोप आपल्या शेतकऱ्यांना सबसिडी देत होते. इथे शेतकरीच देशाला सबसिडी देत होता. जोशी तिला उणे सबसिडी म्हणत. ज्याने बाजार समितीत माल नेऊन उलटी पट्टी घरी आणली आहे, म्हणजे हमाली-तोलाई-भाडं वजा जाता खिशातूनच पैसे भरले आहेत, त्याला ही संकल्पना वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

तेव्हा रयत संघाला बाहेरून येणाऱ्या कंपनीचं भय वाटत होतं आणि शेतकरी संघटनेला घरातल्या सरकारचा जाच असह्य झाला होता. दोघांचं निदान आपापल्या जागी खरं होतं. फक्त धोका कोणत्या दिशेने जास्त आहे, याचा अंदाज वेगळा होता.

विरोधाने काय मिळवलं

१५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश इथे करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. त्यानंतरच्या तीस वर्षांत काय झालं हे पाहिलं, तर दोन्ही बाजूंची भाकितं अर्धीमुर्धीच खरी ठरलेली दिसतात.

बियाण्याचंच घ्या. करारात पळवाट म्हणा, मोकळीक म्हणा, एक होती : वाणांना पेटंट द्यायचं नसेल तर देशाने स्वतःची वेगळी परिणामकारक व्यवस्था उभी करावी. भारताने या मोकळिकीचा उपयोग करून २००१ साली वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा केला. संरक्षित वाणाचंही बी साठवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क या कायद्याने शेतकऱ्याला दिला. २०१९ साली पेप्सिकोने गुजरातमधल्या काही बटाटा उत्पादकांवर वाणाच्या हक्कावरून दावे दाखल केले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने याच कायद्याचा आधार घेतला गेला; देशभर ओरड झाली आणि कंपनीने दावे मागे घेतले. बंगळूरच्या त्या सभा झाल्या नसत्या, तर शेतकऱ्याच्या हक्काला कायद्यात एवढी ठळक जागा मिळाली असती का, याची मला शंका आहे. करार थांबला नाही. पण त्याची अंमलबजावणी विरोधामुळे बदलली. लोकमताचा हा परिणाम आपण नेहमी नजरेआड करतो.

आयातीच्या लोंढ्याची भीतीही अशीच. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली, निकाल भारताच्या विरोधात गेला आणि १ एप्रिल २००१पर्यंत भारताला आयातीवरची संख्यात्मक बंधनं काढावी लागली. त्या वेळी वर्तमानपत्रांत भारतीय शेती आता बुडणार अशी भाकितं होती. गहू-तांदळाचा लोंढा आला नाही. बंधनं गेली तरी आयात शुल्क लावण्याचा अधिकार हाती होता. भारताने करारात प्राथमिक शेतमालासाठी शंभर टक्के आणि अनेक खाद्यतेलांसाठी तब्बल तीनशे टक्के शुल्काची कमाल मर्यादा नोंदवून ठेवली होती. एवढी भिंत उभी करण्याची मुभा असूनही खाद्यतेलाच्या बाबतीत ती वापरली गेली नाही. त्याची कथा स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण ती थेट आपल्या स्वयंपाकघरात येते.

एकाच घरात दोन मतं

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं तेल रशिया आणि युक्रेनमधून येतं. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा सुरू होतो तेव्हा तो भाव केवळ लातूरचा नसतो. अमेरिकेतल्या शिकागोचा वायदा, मलेशियातलं पामतेल आणि दिल्लीतला आयात शुल्काचा आदेश हे सगळे त्या सौद्यात हजर असतात.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेलं. अधिभार धरून ते साडेसत्तावीस टक्के झालं. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि सोयाबीनचा भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या बराच खाली होता. निर्णयाने काय झालं? किराणा दुकानात तेलाची पिशवी महाग झाली. सोयाबीन मात्र हंगामभर हमीभावाखालीच विकलं गेलं. सरकारी खरेदी केंद्रावर बारा टक्के ओलाव्याची अट होती; ऑक्टोबरच्या पावसात भिजलेला माल तिथे नापास होऊन परत येत होता. नोव्हेंबरमध्ये ही अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर नड असलेल्यांनी माल आडत्याकडे टाकला होता.

भाव का वाढला नाही, याचं उत्तर सोयाबीनच्या दाण्यातच आहे. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण अठरा किलो; ऐंशी किलोच्या आसपास पेंड. सोयाबीनचा भाव म्हणून तेलापेक्षा पेंडीवर जास्त अवलंबून असतो. त्या वर्षी जगात पेंड मुबलक होती, आणि देशात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेत होता. तेलावर शुल्क लावून पेंडीचा प्रश्न सुटणार नव्हता. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा निम्म्यावर आणलं गेलं, तेही खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर.

पेंडीचीही एक जुनी जखम आहे. २०२१च्या उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यात सोयाबीन कधी नव्हे ते दहा हजारांच्या वर गेलं. कोंबडीपालक अडचणीत आले, त्यांनी दाद मागितली आणि सरकारने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव घसरले. कोंबडीपालकही शेतकरीच, त्याचंही कर्ज असतं, त्याचेही पक्षी खाद्याविना मरतात. तरी सोयाबीनवाल्याच्या मनात राहिलं ते एवढंच, की भाव चढला की दार उघडतं आणि भाव पडला की दाराशी कुणी नसतं.

मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकाच्या घरात आज तेलाची पिशवी दुकानातूनच येते. पिकवणारा म्हणून त्याला आयात शुल्क हवं असतं. महिन्याचं वाणसामान भरताना त्याच घरातल्या बाईला तेल स्वस्त हवं असतं. शेतकरी जागतिकीकरणाच्या बाजूने की विरोधात, असा प्रश्न सर्वेक्षणात विचारला तर या घराने काय उत्तर द्यावं? प्रामाणिक उत्तर दोन्ही आहे.

हा विरोधाभास केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१४ साली ४४ देशांमध्ये केलेल्या पाहणीत मध्यक काढला तर ८१ टक्के लोकांनी आंतरराष्ट्रीय व्यापार देशासाठी चांगला असं म्हटलं. व्यापाराने रोजगार वाढतात असं मानणारे होते ५४ टक्के, पगार वाढतात म्हणणारे ४५ टक्के आणि वस्तू स्वस्त होतात असं मानणारे अवघे २६ टक्के. देशाचं भलं होतं हे बहुतेकांना पटतं. त्या भल्यातलं आपल्या घरी काय येतं, हे विचारलं की खात्री ओसरते. फायदा कोट्यवधी लोकांत थोडा थोडा वाटला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तोटा मात्र एखाद्या तालुक्यावर, एखाद्या पिकावर, एखाद्या गिरणीच्या कामगारांवर एकदम कोसळतो. म्हणून तोट्याचा आवाज मोठा असतो, आणि तो खोटा नसतो.

कांद्याने शिकवलेला धडा

आता शरद जोशींच्या युक्तिवादाकडे परत येऊ. बाजार खुला झाला तर शेतकऱ्याला जगाचा भाव मिळेल, हे त्यांचं गृहीत होतं. तीस वर्षांत आयातीचं दार हळूहळू उघडत गेलं. निर्यातीचं दार मात्र सरकारच्या मर्जीनुसार उघडतं आणि बंद होतं. नाशिक, अहिल्यानगर, पुण्याच्या कांदा उत्पादकाला याचा जेवढा अनुभव आहे तेवढा देशात क्वचितच कुणाला असेल.

सप्टेंबर २०१९च्या अखेरीस कांदा निर्यातबंदी आली, ती मार्च २०२०मध्ये उठली. सप्टेंबर २०२०मध्ये पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ला उठली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं. लासलगावसह नाशिकच्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ला पुन्हा पूर्ण बंदी. ती ४ मे २०२४ला, लोकसभा निवडणुकीचं मतदान सुरू असताना उठली. पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क कायम ठेवून. मधल्या काळात गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला मात्र निर्यातीची परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रातल्या कांदापट्ट्यात संताप उसळला. शुल्क पूर्णपणे गेलं ते १ एप्रिल २०२५ला.

या तारखा एकाखाली एक मांडल्या की कांदा चाळीत माल भरून ठेवणाऱ्याची अवस्था कळते. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. पुढे चांगला भाव येईल या हिशेबावर शेतकरी वजनातली घट आणि सड सोसतो. भाव येतो त्याच आठवड्यात दिल्लीहून आदेश निघतो. नुकसान केवळ एका हंगामाचं होत नाही. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशाला म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन अशा देशांकडे धाव घ्यावी लागली. त्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी उद्योजकांच्या सभेत जाहीरपणे गाऱ्हाणं मांडलं, की आधी कळवलं असतं तर सोय करता आली असती, मी तर माझ्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलं आहे. गिऱ्हाईक तुटतं ते असं. एकदा दुसऱ्या देशाकडे वळलेला आयातदार बंदी उठली म्हणून लगेच परतत नाही.

अशा शेतकऱ्यासमोर एखादा मंत्री नव्या व्यापार कराराचे फायदे सांगतो तेव्हा त्याला ते आकडे ऐकूच येत नाहीत. करारामुळे परदेशातलं शुल्क शून्य झालं, ठीक; पण आपलंच सरकार बंदी घालणार नाही याची हमी कोणता करार देतो? जागतिक बाजाराबद्दल त्याच्या मनात जो अविश्वास आहे, त्याचं मूळ लासलगाव आणि दिल्ली यांच्यामधल्या रस्त्यावर आहे.

दुधावरून थांबलेला करार

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारत आरसेप या प्रादेशिक व्यापार करारात सामील होणार नाही, असं जाहीर केलं. आसियानचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत अशा सोळा देशांच्या या वाटाघाटी सात वर्षं चालल्या होत्या. उरलेल्या पंधरा देशांनी वर्षभराने सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२पासून करार लागू झाला.

भारताच्या माघारीमागे चीनबरोबरची पन्नास अब्ज डॉलरहून मोठी व्यापार तूट हे मोठं कारण होतं. पण रस्त्यावर जो विरोध दिसला त्याच्या केंद्रस्थानी दूध होतं. १९९१ साली नागपुरात स्थापन झालेला स्वदेशी जागरण मंच, डाव्या पक्षांच्या किसान सभा, काँग्रेस, अमूलसारखे सहकारी दूध संघ, असे एरवी एका व्यासपीठावर न दिसणारे लोक एकाच मागणीवर आले होते.

दुधाने एवढी माणसं का जोडली, हे महाराष्ट्रातल्या दूध संकलन केंद्रावर उभं राहिलं की समजतं. किटली मापात ओतली जाते, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) दिसतं आणि पावती हातात पडते. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हा गाईच्या दुधाचा आधार. त्याखाली उतरलं की प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. दहा दिवसांनी होणाऱ्या पगारातून पेंडीची उधारी वळती होते. संघ या दुधातलं जे विकू शकत नाही त्याची भुकटी करतो, आणि भुकटीचा जागतिक भाव पडला की गोठ्यातला भावही पडतो. जुलै २०१८च्या दूध आंदोलनात हे साऱ्या राज्याने पाहिलं होतं. त्या वेळी भुकटीचे साठे पडून होते. परदेशी भुकटीवर साठ टक्के आयात शुल्क आहे म्हणून निदान बाहेरून येणारा माल अडतो. ते शुल्क गेलं तर काय होईल, हे दोन गाई सांभाळणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही.

समोर होता न्यूझीलंड. तिथल्या एका कळपात सरासरी चारशेहून अधिक गाई, कुरणावर चरणाऱ्या, आणि दुधाच्या उत्पादनापैकी पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास निर्यात. कराराचे समर्थक सांगत होते की न्यूझीलंडचं सगळं दूध मिळून भारताच्या दुधाच्या जेमतेम एक नवमांश आहे, त्याने भारत कसा बुडेल? हिशेब चुकीचा नव्हता. अडचण अशी, की दुधाचा भाव एकूण उत्पादनावर ठरत नाही. संघाकडे जे थोडं दूध जास्तीचं उरतं, त्याच्या भुकटीला काय मिळतं यावर तो हलतो. थोडी स्वस्त भुकटी आली तरी भाव पाडायला ती पुरते. इथे दूध उत्पादकांची भीती तज्ज्ञांच्या टक्केवारीपेक्षा बाजाराच्या अधिक जवळ होती.

केरळचा अनुभवही पाठीशी होता. आसियान देशांशी करार झाला तेव्हा, २ ऑक्टोबर २००९ रोजी, केरळमध्ये डाव्या आघाडीने कासरगोडपासून तिरुअनंतपुरमपर्यंत मानवी साखळी उभारली होती. रबर, मिरी आणि नारळ पिकवणाऱ्या या राज्याला श्रीलंकेशी झालेल्या आधीच्या करारानंतर मिरीच्या आयातीने चटका दिला होता. नवा करार तिथे जुन्या कराराच्या आठवणीतून वाचला गेला. लोक करार वाचत नाहीत, अशी तक्रार दिल्लीत नेहमी ऐकू येते. मागचा करार मात्र त्यांनी अंगावर झेललेला असतो.

बंद खोलीतल्या वाटाघाटी

आपल्या राज्यघटनेत शेती हा राज्यांचा विषय आहे आणि परदेशांशी करार हा केंद्राचा. करारावर सही करायला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करायचा असेल तेव्हा अनुच्छेद २५३ प्रमाणे संसदेकडे जावं लागतं. वाटाघाटी चालू असताना मसुदा गुप्त राहतो. आरसेपच्या सात वर्षांत दूध उत्पादकाला काय देऊ केलं जातंय हे त्याला अधिकृतपणे कधीच कळलं नाही. माहिती नसते तिथे अफवा वाढते आणि मग सरकार म्हणतं, लोक अफवांना बळी पडतात.

दुसरी पद्धत जगात आहे. ७ मार्च २०२१ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंडोनेशियाबरोबरच्या व्यापार करारावर सार्वमत झालं. वाद होता पामतेलाचा : जंगलं तोडून लावलेल्या ताडाचं तेल आपण सवलतीत घ्यायचं का? शाश्वत पद्धतीने काढलेल्या तेलालाच सवलत, अशी अट करारात होती. ती पुरेशी आहे का यावर देशभर चर्चा झाली आणि ५१.६ टक्के लोकांनी कराराच्या बाजूने कौल दिला. निसटता का होईना, तो कौल लोकांचा होता. हरलेल्यांचंही म्हणणं ऐकून मग निर्णय झाला. भारताएवढ्या देशात प्रत्येक करारावर सार्वमत घेणं शक्य नाही. पण विधिमंडळात चर्चा, बाजार समित्या आणि दूध संघांशी सल्लामसलत, संसदेच्या समितीपुढे मसुदा, हे सगळं शक्य आहे.

आजचे करार

गेल्या काही वर्षांत भारताने करारांचा वेग वाढवला आहे. संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलियाबरोबर २०२२मध्ये, स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या एफ्टा गटाबरोबर मार्च २०२४मध्ये आणि ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ला सह्या झाल्या. ब्रिटनच्या करारात स्कॉच व्हिस्कीवरचं शुल्क दीडशे टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने चाळीसवर येणार आहे. दूध, सफरचंद आणि खाद्यतेल मात्र सवलतीतून वगळलं गेलं. आरसेपच्या वेळी गावागावांतून उठलेला आवाज पुढच्या वाटाघाटींत पोचला, याचा हा पुरावा म्हणायला हरकत नाही.

जिथे आवाज संघटित नाही तिथे काय होतं, हे कापसाने दाखवलं. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं. कापड आणि कपड्यांचे निर्यातदार हवालदिल झाले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ही माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात वेचणीचे सगळे महत्त्वाचे महिने त्यात आले. सूतगिरणीतला कामगार वाचवायला हवा, यात वाद नाही. पण अमेरिकेच्या निर्णयाची किंमत यवतमाळच्या शेतकऱ्याने मोजायची असेल, तर त्याला आधी सांगायला हवं होतं आणि त्याची भरपाई त्याच आदेशात लिहायला हवी होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. शेतकऱ्याला जग नको आहे, हा समज चुकीचा आहे. नाशिकचा द्राक्ष बागायतदार युरोपच्या औषध-अंशांच्या कडक मर्यादा पाळतो, बागेची नोंदणी करतो, नमुने प्रयोगशाळेत पाठवतो आणि माल तिकडे विकतो. त्याला बाजार हवा आहे, नियमही चालतात. नियम मध्येच बदललेले चालत नाहीत. खुलेपणा आयातीपुरता असेल आणि निर्यातीच्या वेळी दार लागणार असेल, तर त्या खुलेपणावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या कराराची बातमी आली की अब्जावधींच्या आकड्यांआधी चार गोष्टी विचाराव्यात. माझ्या पिकावरचं शुल्क किती आणि किती वर्षांत उतरणार? आयात अचानक वाढली तर ती रोखण्याचं कलम आहे का, आणि ते वापरायला किती महिने लागतात? ज्यांचं नुकसान होणार त्यांच्यासाठी पैसा कुठून येणार? आणि आपण निर्यात रोखणार नाही, असं सरकार स्वतःवर किती काळ बंधन घालून घेणार? या चार प्रश्नांची उत्तरं देणारा दोन पानांचा मराठी गोषवारा प्रत्येक करारावर सही होण्याआधी बाजार समिती, दूध संघ आणि ग्रामपंचायत यांच्याकडे पोचावा, ही मागणी राज्य सरकारने केंद्राकडे करायला हवी. खर्च नगण्य आहे. त्यातून काही करार रखडतील, काही बदलतील. जे पुढे जातील, त्यांच्यामागे ते ज्यांच्या जिवावर चालणार आहेत ती माणसं उभी असतील.